नन्नाचा पाढा

हॉरर पिक्चर जमला की फसला, हे ओळखायची माझी एक घरगुती टेस्ट आहे. रिव्ह्यू नाही, स्टार्स नाहीत. शो सुटल्यावर पार्किंगमध्ये जाऊन उभं राहायचं. पिक्चर जमलेला असेल तर लोक निघतच नाहीत. किल्ली हातात, हेल्मेट कोपरात अडकवलेलं, "चल मग", "चल, भेटू" असं तीन-तीनदा म्हणून होतं, पण हलत कुणी नाही. कारण घरी जायचंय, घराला जिना आहे, जिन्यावरचा दिवा महिनाभर गेलेला आहे आणि वॉचमन कुठे झोपतो ते देवाला ठाऊक. पिक्चर फसलेला असेल तर पार्किंग पाच मिनिटांत साफ.

७ सप्टेंबर २०१८च्या रात्री पुण्यात 'द नन' बघून आम्ही चौघी बाहेर पडलो. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ते मला अजून झोंबतं. आता तुम्ही म्हणाल, बाई गं, एका पडेल पिक्चरचं किती मनाला लावून घेशील? पडेल नव्हताच तो, तीच तर बोंब आहे. पण ते नंतर. आधी २०१३.

तेव्हा आम्ही चौघी कर्वेनगरात एका टू बीएचकेमध्ये राहायचो. नागपूर, नाशिक, सांगली आणि मी चिपळूण. एकमेकींना गावाच्या नावानेच हाका मारायचो, म्हणजे "ए नागपूर, गॅस बंद कर गं" वगैरे. चौघींच्या पहिल्या नोकऱ्या, पहिले पगार, महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर मॅगी. पावसाळा चालू होता. कुणीतरी म्हणालं, 'द कॉन्ज्युरिंग' लागलाय, सॉलिड आहे म्हणे. गेलो. लास्ट शोला. हा निर्णय कुणाचा होता यावर आजही भांडणं होतात.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७१ साल, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधलं एक जुनं फार्महाऊस. पेरॉन नावाचं कुटुंब तिथे राहायला येतं. नवरा ट्रक चालवतो, बायको घर सांभाळते, पाच मुली. मग घरात जे व्हायचं ते होऊ लागतं आणि एड व लॉरेन वॉरन हे भुतंखेतं तपासणारं जोडपं येतं. हे जोडपं खरोखरचं. एड २००६मध्ये वारले, लॉरेन २०१९मध्ये. त्यांच्या दाव्यांवर विश्वास ठेवायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, मी ठेवत नाही. पण दिवसा. रात्री साडेअकरानंतर मला विचारू नका.

दिग्दर्शक जेम्स वान. 'सॉ' आणि 'इन्सिडियस'वाला. या माणसाने त्या पिक्चरमध्ये काय केलं माहितीय? काही दाखवलंच नाही. एक मुलगी रात्री जागी होते, कुणीतरी पाय ओढलाय. ती दाराकडे बघते. दारामागे अंधार. ती बहिणीला सांगते, तिथे कुणीतरी उभं आहे. बहीण उठून दाराकडे जाते, कॅमेरा त्या अंधाराकडे बघत राहतो, आपण डोळे फाडफाडून बघतो, आणि दिसत काहीच नाही. ही पोरगी मात्र रडत सांगत राहते की ते तुझ्या मागेच उभं आहे. बस्स. इतकंच. सांगलीने माझ्या दंडाला धरलं होतं, नखांचे वण दोन दिवस होते.

आणि टाळ्या! मुलींचा एक खेळ असतो, डोळ्यांवर पट्टी बांधून लपाछपी. शोधणाऱ्याने टाळी मागायची, लपलेल्याने टाळी वाजवायची. पुढे आई तळघराच्या जिन्यावर काडेपेटीची काडी ओढून बसलेली असते आणि तिच्या कानामागून, अंधारातून, दोन हात येतात. टाळी वाजते. संपलं.

पिक्चर सुटला, पार्किंगमध्ये आम्ही चाळीस मिनिटं उभ्या होतो. चाळीस! पावसात! घरी आल्यावर घरमालकीणकाकूंचं ते जुनं लाकडी कपाट, ज्याला आम्ही वर्षभर ढुंकून बघितलं नव्हतं, ते एकदम डोळ्यांवर आलं. नाशिकने त्याला स्टूल लावून ठेवलं. चार गाद्या ओढून हॉलमध्ये टाकल्या, दिवा चालू, आणि रात्री दोन वाजता नागपूर बाथरूममध्ये गेली ती आत जाऊन टाळी वाजवून आली. त्यानंतर जो आरडाओरडा झाला, त्यावर खालच्या मजल्यावरच्या काकांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. ती तक्रार माझ्याकडे अजून आहे.

त्याआधी आम्ही चौघी एका घरात राहणाऱ्या चार मुली होतो. दुधाचे पैसे कुणी दिले, फ्रीजमधलं श्रीखंड कुणी संपवलं, असले हिशोब. त्या रात्रीनंतर मैत्रिणी झालो. विनोद नाही हा, खरंच. मोठ्या माणसांना एकमेकांचा हात धरायला फार कमी कारणं मिळतात.

मग प्रथाच पडली. २०१६मध्ये 'द कॉन्ज्युरिंग २' आला तेव्हा नाशिकचं लग्न झालेलं होतं, ती नवऱ्याला घरी ठेवून आली. या वेळी लंडनचं एनफिल्ड, १९७७. चार मुलांना एकटीने वाढवणारी आई, पैशाची चणचण, ओल आलेल्या भिंती. आणि अर्थातच ती नन. पांढराफटक चेहरा, डोळ्यांभोवती काळं, काही न बोलता बघत राहणारी.

गंमत म्हणजे ही नन मुळात त्या पिक्चरमध्ये नव्हतीच. वानने मुलाखतींमध्ये सांगितलंय की आधी शिंगंबिंगं असलेला राक्षस शूट झाला होता, तो त्याला पटेना, आणि रीशूटच्या वेळी अगदी शेवटच्या टप्प्यात ही नन घातली गेली. म्हणजे आयत्या वेळी जेवायला आलेली पाहुणी. आणि पंगत तिनेच मारली! तो स्टडीतला सीन आठवा. एडने स्वप्नात दिसलेल्या ननचं पेंटिंग काढून भिंतीवर लावलंय. लॉरेन खोलीत अडकते. दार बंद. भिंतीवर एक सावली सरकत सरकत पेंटिंगच्या मागे जाते. आणि मग फ्रेमच्या कडेवर बोटं दिसतात. पेंटिंग कुठलं आणि ती कुठली, हेच कळेनासं होतं. तेव्हा थिएटरमध्ये जी शांतता होती ती मला ऑफिसच्या अप्रेझल मीटिंगमध्येही कधी अनुभवायला मिळाली नाही.

पण नीट मोजलं तर सव्वादोन तासांच्या आसपासच्या त्या पिक्चरमध्ये नन दिसते किती? काही मिनिटं. बाकीचा वेळ आपण त्या एनफिल्डच्या घरात असतो. एक अख्खा सीन असा आहे की एड गिटार घेऊन मुलांना एल्व्हिसचं गाणं म्हणून दाखवतो. हॉरर पिक्चरमध्ये, मध्येच, पूर्ण गाणं! एकही माणूस पॉपकॉर्न आणायला उठला नाही. कारण तोपर्यंत ती माणसं आपल्या घरची झालेली असतात. आणि आपल्या घरच्यांना काही होऊ नये म्हणून जीव खालीवर होतो, त्यालाच तर आपण भीती म्हणतो.

माझी आजी गोष्टी सांगायची ना, तिचं हेच तंत्र. भूत कसं दिसतं ते तिने आयुष्यात कधी सांगितलं नाही. ती सांगायची पत्ता. अमक्यांच्या आगराच्या मागची पाणंद, विहिरीपाशी वळते तिथला फणस, आणि तिकडून दिवेलागणीला एकटा येत होता तो कोण? तर आपल्या शेजारचे अण्णा. रोज सकाळी ओटीवर चहा प्यायला येणारे अण्णा. मग पुढे काही झालं नाही तरी चालायचं. अण्णा घरी पोचले का, एवढंच आम्हाला हवं असायचं.

आता येऊ या स्पिन-ऑफकडे. स्पिन-ऑफ म्हणजे काय, तर मोठ्या पिक्चरमध्ये भाव खाऊन गेलेलं पात्र उचलायचं आणि त्याला वेगळं बिऱ्हाड थाटून द्यायचं. 'कॉन्ज्युरिंग'वाल्यांनी हा उद्योग २०१४मध्येच सुरू केला होता. 'ॲनाबेल', म्हणजे पहिल्या भागातली ती बाहुली. (खऱ्या वॉरन दांपत्याकडची बाहुली ही साधी कापडी, गोड चेहऱ्याची होती. पिक्चरमधली बघून कुठली आई ती पोरीला घेऊन देईल सांगा.) पिक्चर यथातथाच. तळघरातून वर न येणारी ती लिफ्ट सोडली तर मला त्यातलं फारसं काही आठवत नाही. पण खर्च ६५ लाख डॉलर आणि जगभरची कमाई २५ कोटी डॉलरहून जास्त. आता हा रेशो बघितल्यावर कुठला प्रोड्युसर हात आखडता घेईल? तुमच्या-माझ्या एसआयपीला असे रिटर्न्स मिळाले असते तर आपण सोमवारी ऑफिसला गेलो असतो का?

त्यामुळे ननचं बिऱ्हाड थाटलं जाणार हे उघड होतं. आणि हाइप काय होती, बाप रे! यूट्यूबवर एक चिमुकली जाहिरात होती. स्क्रीनवर फक्त आवाज कमी होत असल्याची खूण दिसायची, म्हणजे तुम्ही "हे काय झालं?" म्हणून फोनचा आवाज वाढवणार, आणि तेवढ्यात ननबाई किंचाळत अंगावर. लोकांनी इतक्या तक्रारी केल्या की ऑगस्ट २०१८मध्ये यूट्यूबला ती काढून टाकावी लागली. नागपूरने ती कॅबमध्ये बघितली होती. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली म्हणे.

तर सप्टेंबर २०१८. नागपूर तोपर्यंत बेंगळुरूला गेली होती. नाशिकला दीड वर्षाची मुलगी. सांगलीला कंपनी अमेरिकेला पाठवत होती, किमान तीन वर्षांसाठी, आणि आपल्याला माहितीच आहे की किमान तीन म्हणजे काय ते. तिचं फ्लाइट गणपतीनंतर. चौघींचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, नाव 'टाळ्या', पण त्यावर आता फक्त वाढदिवसाचे केक यायचे. अशात सांगलीने मेसेज टाकला, "नन लागतोय शुक्रवारी. शेवटचं एकदा?" नागपूर रात्रभर बसने आली. नाशिकने मुलीला सासूबाईंकडे दिलं. गणपती आठवड्यावर आले होते, रस्त्यात मांडवांचे बांबू, नदीकडून ढोल-ताशांच्या प्रॅक्टिसचा आवाज. ट्रॅफिकची पार वाट. धावतपळत पोचलो. चार सीट्स, जुनीच ऑर्डर, सांगली माझ्या डावीकडे. मी मुद्दाम पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. नखांसाठी.

पिक्चर सुरू झाला. १९५२, रोमानिया. डोंगरात एक प्राचीन मठ. एक नन स्वतःला फास लावून घेते. व्हॅटिकन तपासाला फादर बर्क यांना पाठवतं, सोबत सिस्टर आयरीन, जिने अजून शेवटच्या शपथा घेतलेल्या नाहीत. मठात वाणसामान पोचवणारा एक फ्रेंच-कॅनेडियन पोरगा, टोपणनाव फ्रेंची, तो वाट दाखवायला. पहिली दहा मिनिटं मी खूश. शूटिंग खरंच रोमानियात झालेलं, दगडी भिंती, धुकं, कावळे, एकदम बेस्ट. दिग्दर्शक कॉरिन हार्डी, त्याला वातावरण जमतं यात वाद नाही.

मग हळूहळू लक्षात यायला लागलं की वातावरणच आहे फक्त. जसं काही हॉटेलांमध्ये इंटिरियर भारी असतं आणि मिसळ येते ती कोमट.

नन इथे दिसते. परत दिसते. आरशात दिसते, कॉरिडॉरमध्ये दिसते, मागून येते, पुढून येते. प्रत्येक वेळी तोच फॉर्म्युला. शांतता, माणूस डावीकडे बघतो, काही नाही, उजवीकडे बघतो, काही नाही, आणि मग ढॅण्! तिसऱ्या वेळेनंतर नाशिक माझ्या कानात आकडे मोजायला लागली. "एक, दोन, आता." आणि खरंच आता! दचकलो का? दचकलो ना. पण दचकायला तर कुकरच्या शिट्टीलाही दचकतो आपण. कुकरला घाबरून कुणी हॉलमध्ये झोपायला येत नाही.

वाईट याचं वाटतं की माल होता. बॉनी ॲरन्स ही ननचं काम करणारी बाई साधी नाही. डेव्हिड लिंचच्या २००१च्या 'मुलहॉलंड ड्राइव्ह'मध्ये हॉटेलच्या मागून येणारं ते माणूस आठवतंय? भर दुपारी, लख्ख उन्हात, काही सेकंदांसाठी? तीच ती! काही सेकंदांत जिने लोकांची झोप उडवली, तिला अख्खा पिक्चर दिला आणि करायला काय दिलं, तर येऊन किंचाळायचं.

आणि आयरीन. ही टायसा फार्मिगा, म्हणजे लॉरेन वॉरनचं काम करणाऱ्या व्हेरा फार्मिगाची सख्खी धाकटी बहीण. तोच चेहरा, तेच डोळे. आम्ही सगळ्या वाट बघत बसलो की आता कळेल, या दोघींचं काहीतरी नातं असणार. नाव नाही! पिक्चर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. सुरुवातीला ती शाळेतल्या मुलांशी डायनासोरबद्दल बोलते, तेवढीच काय ती जिवंत वाटते. नंतर हातात कंदील घेऊन दारं उघडणे, हे एकच काम. तिचं कोण आहे, तिला काय हवंय, ती मेली तर कुणाला रडू येईल, पत्ताच नाही. फादर बर्कच्या भूतकाळात एक मुलगा दाखवलाय, भूत उतरवताना दगावलेला. बिचारा तोही मधूनमधून दचकवायच्या कामाला लावला. आणि फ्रेंची विनोद करतो. ट्रान्सिल्व्हेनियातल्या शापित मठात फ्लर्टिंग करणाऱ्या माणसाची मला तरी काळजी वाटेना.

एक सीन मात्र मी प्रामाणिकपणे मान्य करीन. स्मशानात थडग्यांवर घंटा बांधलेल्या असतात. कुणाला चुकून जिवंत पुरलंच, तर त्याने आतून दोरी ओढायची, अशी पूर्वी खरंच युरोपात सोय करायचे. फादर बर्क जिवंत पुरला जातो. आत अंधार, वर धुक्यात शेकडो घंटा, आणि आयरीनला कळेना की कुठली वाजतेय. तिथे, त्या पाच-सात मिनिटांत, सांगलीचा हात माझ्या दंडावर आला. कारण पहिल्यांदाच कुणाचं तरी काहीतरी पणाला लागलं होतं. माणूस, दोरी, आणि ऐकणारं कुणी आहे का हा प्रश्न. पण लेखकांना तिथे थांबवेल तर ना! लगेच हात बाहेर, चेहरे बाहेर, ढॅण्, ढॅण्. सांगलीने हात काढून घेतला आणि नाचोज घेतले.

घरी येऊन मी जरा वाचलं, आणि मग तर डोक्याला शॉटच लागला. कार्ता हा मठ खरा आहे. ट्रान्सिल्व्हेनियात आहे, मध्ययुगीन आहे, आता बराचसा भग्न आहे. फक्त तो पुरुष साधूंचा होता, नन्सचा नाहीच. ठीक आहे, पिक्चरमध्ये तेवढं चालतं. पण १९५२चा रोमानिया म्हणजे काय? कम्युनिस्ट राजवट. १९४८मध्येच त्यांनी व्हॅटिकनशी केलेला करार मोडला होता. त्याच वर्षी रोमला मानणाऱ्या ग्रीक-कॅथलिक चर्चवर बंदी घातली, बिशपांना तुरुंगात टाकलं. आणि पिक्चरमध्ये फादर बर्क सुटकेस घेऊन असे येतात जसे काही महाबळेश्वरला आलेत. ना तपासणी, ना पोलिस, ना कुणाची नजर. अरे, विचार करा! ज्या देशात झगा घातलेला माणूस दिसला तर शेजारी चुगली करू शकतो, तिथे एका दरवाज्याबाहेर नन आणि दुसऱ्या दरवाज्याबाहेर गुप्त पोलिस. पळणार कुठे? फुकटात मिळालेली भीती होती ती. इतिहासाने आयती वाढून ठेवलेली. यांनी साल फक्त स्क्रीनवर लिहिण्यापुरतं घेतलं.

'कॉन्ज्युरिंग'मध्ये बघा, कुणालाही पडतो तो प्रश्न आपल्याला पडतो, की हे लोक घर सोडून जात का नाहीत? तर सगळे पैसे त्या घरात अडकलेत. सात माणसांना ठेवून घेईल कोण? ज्यांचा ईएमआय चालू आहे त्यांना यापेक्षा जास्त घाबरवायची गरज नसते. 'नन'मधल्या लोकांचं तिथे काय अडकलंय? काही नाही. ऑफिसच्या कामाला आलेत, टीए-डीए घेतील आणि जातील.

क्लायमॅक्सबद्दल काय बोलू. त्या मठात म्हणे येशूच्या रक्ताचे थेंब जपून ठेवलेले असतात. शेवटी आयरीन ते तोंडात धरते आणि ननच्या थोबाडावर थुंकते. मागच्या रांगेतून आवाज आला, "मघई होतं का?" अख्खं थिएटर हसलं. आम्हीही हसलो. नन खलास. लाइट लागले.

आणि कमाई? तिथे तर खरा धक्का आहे. खर्च २.२ कोटी डॉलर, जगभरची कमाई ३६ कोटी डॉलरहून जास्त. म्हणजे मूळ 'कॉन्ज्युरिंग'पेक्षा जास्त! २०२५मध्ये 'लास्ट राइट्स' येईपर्यंत तब्बल सात वर्षं या मालिकेतला सगळ्यात जास्त कमावणारा पिक्चर हाच होता. अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची एक संस्था पहिल्या रात्री थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारून ग्रेड देते, म्हणजे माझीच पार्किंग टेस्ट, फक्त ऑफिशियल. तिथे 'द कॉन्ज्युरिंग'ला मिळाली होती 'ए मायनस', जी हॉररला क्वचित मिळते. 'द नन'ला 'सी'. लोक 'सी' देत होते आणि तिकिटं काढत होते. त्यात आमची चार. नंतर नावं ठेवण्यात काय अर्थ? आम्ही तिकीट काढलं ते 'द नन'चं नव्हतंच, दोन वर्षांपूर्वीच्या त्या पेंटिंगचं होतं. आणि हे त्या लोकांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

कुणी म्हणेल, स्पिन-ऑफ म्हटल्यावर एवढंच. मान्य नाही, बॉस. २०१७चा 'ॲनाबेल: क्रिएशन' घ्या. दिग्दर्शक डेव्हिड सँडबर्ग. बाहुली तीच. पण त्यात अनाथाश्रमातल्या दोन मुली आहेत, ज्यांनी ठरवलंय की दत्तक जायचं तर दोघींनी एकाच घरी. त्यातल्या एकीला पोलिओ झालेला, ती जिन्याला बसवलेल्या खुर्चीवरून वर जाते, आणि ती खुर्ची सरकते मुंगीच्या पावलांनी. मागे काय येतंय ते बघायचं धाडस होत नाही. दोन मुलींची दोस्ती आणि एक हळू खुर्ची. एवढं भांडवल पुरतं. तो मी लॅपटॉपवर एकटीने बघितला आणि नंतर उगाचच आईला फोन केला. "जेवलीस का?" विचारायला. रात्री साडेबाराला.

तर पार्किंग. आम्ही बाहेर आलो. हवा मस्त होती. मी म्हटलं, "मग?" नागपूर जांभई देत म्हणाली, "काही नाही यार, टाइमपास होता." नाशिकच्या सासूबाईंचा फोन आला, पिल्लू उठलं होतं, तिने कॅब बुक केली. नागपूर तिच्या मावसबहिणीकडे उतरली होती, तिची कॅब दोन मिनिटांवर. सांगली म्हणाली, तिला पॅकिंग आहे. कुणाला कुणाची गरज नव्हती. जिन्यावरच्या दिव्याचा विषयही निघाला नाही. मी घरातून निघताना हॉलमध्ये चार गाद्या घालून ठेवल्या होत्या. कुणाला सांगितलं नव्हतं. नंतरही सांगितलं नाही. आता वाचतील तेव्हा कळेल.

सांगली गेली ती गेलीच. २०२३मध्ये 'द नन २' आला, ग्रुपवर पोस्टर पडलं, त्याखाली तीन हसऱ्या चेहऱ्यांचे इमोजी. कुणी बघितला की नाही तेही विचारलं नाही.

परवा लोड शेडिंगमुळे इन्व्हर्टरवर एकच दिवा चालू होता, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी लॅपटॉपवर 'द कॉन्ज्युरिंग' लावला. पहिला. एकटीने. तासाभराने एका जागी पॉझ केलं आणि बेंगळुरूला फोन लावला. नागपूरने उचलला, झोपेतच.

"काय झालं गं?"

"काही नाही. कॉन्ज्युरिंग बघतेय."

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "कुठपर्यंत आलीस?"

"तळघराचा जिना. तिने काडी ओढलीय."

"थांब," ती म्हणाली, "पुढे जाऊ नकोस. मीही लावते."